बसायला अर्धी, निजायला एक

चपला दारात काढून तुम्ही आत गेलात. जेवलात, झोपलात. सकाळी निघायला बाहेर आलात तर चपला आहेत तिथेच, पण त्यांची तोंडं फिरलेली! काढताना घराकडे होती, आता रस्त्याकडे. नुसता पाय सरकवायचा आणि चालू लागायचं. हे कुणी केलं, कधी केलं, कळलंसुद्धा नाही.

रियोकान, म्हणजे जपानमधलं जुन्या वळणाचं मुक्कामघर. तिथे मी आयुष्यात एकच रात्र राहिले. भाचा तिकडे नोकरीला आहे, त्याने हट्टाने हाकोनेच्या डोंगरातल्या एका लहानशा रियोकानात नेलं होतं. त्या रात्रीच्या जेवणातले पदार्थ आता मला सांगता येणार नाहीत, पण चपला विसरता येत नाहीत. जो माणूस उद्या जाणार आणि बहुधा परत कधीच येणार नाही, त्याच्या पायांचा इतका विचार? आणि त्याहून मोठं कोडं म्हणजे, अचलपुरात वाढलेल्या मला त्या घरात पहिल्या घटकेपासून आजोळी आल्यासारखं का वाटत होतं?

खोलीपासून सुरुवात करू. दार सरकवून आत गेलो तर खोली जवळजवळ रिकामी. पलंग नाही, कपाट नाही, खुर्ची नाही. मध्ये एक बुटकं मेज, भोवती बैठी आसनं, एका कोनाड्यात एक लांबट चित्र आणि त्याच्यापुढे फुलाची एकच डहाळी. मी भाच्याला विचारलं, ‘अरे, झोपायचं कुठे?’ तो म्हणाला, ‘आत्या, दम धर जरा.’

चार वाजता त्या मेजावर चहा आला, तेव्हा ती बैठकीची खोली होती. सातला त्याच मेजावर लहान लहान वाट्यांमधून जेवण आलं, तेव्हा ती जेवणघर झाली. आम्ही नहायला गेलो आणि परत आलो तर मेज भिंतीकडे सरकलेलं, आणि खोलीभर गाद्या, पांढऱ्याशुभ्र, कोपऱ्याला कोपरा जुळवून घातलेल्या! कुठून आल्या? भिंत वाटत होती ती भिंत नव्हतीच. सरकत्या दारामागे खोल कपाट होतं, दिवसभर सगळी रात्र त्यात घडी घालून ठेवलेली. सकाळी गाद्या पुन्हा आत आणि खोली पुन्हा कोरी.

आता अचलपूरच्या सरमसपुऱ्यातल्या माझ्या आजोळच्या वाड्यात चला. तिथली ओसरी सकाळी आबाजींची बैठक असायची. दुपारी तिथेच पंगत. उन्हाळ्यात चार वाजता आजी तिथे कुरडया वाळवायला नाहीतर गहू निवडायला बसायची. रात्री कोपऱ्यातल्या वळकट्या सुटायच्या आणि दहा-बारा माणसं ओळीने आडवी व्हायची. पाहुणे वाढले तर काय करायचं, हा प्रश्नच कधी पडला नाही. पथाऱ्या जरा जवळ सरकायच्या, झालं!

यातली गोम काय? खोलीत पलंग आला की तिचं नाव ठरतं. ती झोपायची खोली, मग दिवसाचे सोळा तास ती नुसती पडून. जेवायचं टेबल आलं की जेवायची खोली ठरली. जमिनीवर बसणाऱ्या, जमिनीवर जेवणाऱ्या आणि जमिनीवरच निजणाऱ्या माणसांना मात्र एकच खोली चार वेळा मिळते. म्हणून तर थोड्या जागेत पुष्कळ वाटसरू मावतात. मुक्कामघराची ही पहिली युक्ती जपानने आणि आपण आपापल्या जागी बसून शोधली.

आणि खोली मोजायची कशी? इथे मी खरोखर थक्क झाले. आपल्याकडे जुनं घर फुटांत नाही, खणांत सांगत. पाच खणांचं घर, सात खणांचा वाडा. खण म्हणजे दोन खांबांच्या मधली जागा. जपानी सुतार घर मोजतो ‘केन’मध्ये, आणि केन म्हणजे काय? दोन खांबांच्या मधली जागा! साधारण १.८ मीटर, सहा फुटांच्या आसपास. खण आणि केन या शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही, ध्वनी जुळला तो योगायोग. पण विचार जुळला तो योगायोग नव्हे. दोन्ही घरं लाकडाची. दोन खांब एकमेकांपासून किती लांब उभे करायचे, हे वरच्या तुळईला विचारावं लागतं. सातपुड्याचं सागवान असो की जपानचं हिनोकी, लाकूड सांगेल तेवढाच ताण द्यायचा. घराचं माप राजाने ठरवलं नाही, झाडाने ठरवलं.

त्या केनमध्ये बसते तातामी, जपानी चटई. चटई म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे शिंदीच्या पानांची पातळ चटई येते. तातामी मात्र चांगली तीन बोटं जाड. आत दाबून दाबून बसवलेला भाताचा पेंढा, वर इगुसा नावाच्या लव्हाळ्यासारख्या गवताचं घट्ट विणकाम, कडेला कापडी पट्टी. नव्या तातामीला वास येतो तो थेट आपल्या वाळत्या गवताच्या गंजीचा. लांबी सुमारे सहा फूट, रुंदी तीन. प्रांताप्रांतात थोडा फरक पडतो, क्योतोची चटई तोक्योच्या चटईपेक्षा मोठी. आणि खोली कितीची? सहा चटयांची, आठ चटयांची. आजही तिकडे घर भाड्याने घेताना खोलीचं माप चटयांमध्ये सांगतात.

आता त्या चटईकडे नीट बघा. सहा फूट बाय तीन फूट. म्हणजे एक माणूस आडवा! जपानीत एक म्हण आहे, तिचा अर्थ असा की माणसाला उठता-बसता अर्धी चटई लागते आणि निजायला एक. राजा असो की हमाल, त्याहून जास्त जागा कुणाला वापरताच येत नाही. पंढरपूरच्या धर्मशाळेत आषाढीच्या रात्री माझ्या वाट्याला आली होती तीही नेमकी एवढीच जागा. मी दारात वळकटी घेऊन उभी. जमीन कुठे दिसत नव्हती, सगळी माणसंच. तेवढ्यात एक म्हातारी अंग चोरून घेत म्हणाली, ‘इकडं ये ना जी बाई, होते जागा.’ बोली ऐकूनच कळलं, आपल्याकडची! भिंत आणि तिच्या पाठीच्या मध्ये दीड हात फरशी होती. तिने सतरंजी ओढून ती तीन फुटांची केली. ते तीन फूट मला अजून दिसतात.

आता पाण्याकडे येऊ. जुन्या काळी जपानच्या हमरस्त्यांवर ‘हातागो’ नावाची मुक्कामघरं होती. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, ते क्योतो या तोकाइदो रस्त्यावर ५३ टप्पे होते आणि सारी वाट साधारण दोन आठवड्यांची, पायी. वाटसरू हातागोच्या उंबऱ्यावर टेकला की पहिल्यांदा त्याच्यापुढे पाण्याची घंगाळी येई. पाय धुवा. आपल्याकडे पाहुणा आला की आजी आधी हेच म्हणायची, ‘पाय धुवून घ्या जी, मग बोलू.’ पायांवरची धूळ गेली की वाट संपते. तोवर माणूस रस्त्यावरच असतो.

रियोकानातलं न्हाणं हे त्या पाय धुण्याचंच वाढलेलं रूप. नियम असा की हौदात उतरण्याआधी बाहेर बसून अंग साबणाने स्वच्छ घासून धुवायचं, साबणाचा कणही उरू द्यायचा नाही, मग गळ्यापर्यंत गरम पाण्यात शिरायचं. मळ काढायला हौद नाहीच, शीण काढायला आहे. तेच पाणी सगळ्यांसाठी, म्हणून प्रत्येकाने आधी स्वतःला धुवायचं. आणि ते पाणी येतं जमिनीच्या पोटातून. जपानमध्ये गरम झऱ्यांचा १९४८ चा कायदाच आहे. उगमापाशी पाणी २५ अंश भरलं की झऱ्याला ‘ओनसेन’ म्हणता येतं. तेवढं ऊन नसलं तरी ठरावीक घटकांपैकी एखादा पुरेसा असला की चालतं. फक्त २५! वैशाखात आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी त्याहून कितीतरी तापतं. पण ते सूर्याने तापवलेलं. ओनसेनला ऊब हवी ती खालून आलेली. तशी ऊब आपल्याही अमरावती जिल्ह्यात आहे बरं का! मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या वेशीवर सालबर्डीला गरम पाण्याचा झरा आहे. लव-कुश तिथे जन्मले अशी लोकांची श्रद्धा, आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते.

असा झरा सापडला की काय होतं? यामानाशी प्रांतात डोंगराच्या कुशीत केइउनकान नावाचं मुक्कामघर आहे. ते सन ७०५ मध्ये सुरू झालं. जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून २०११ मध्ये गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. ७०५! हा आकडा नुसता वाचून कळत नाही, तो आपल्या अंगणात आणून ठेवावा लागतो. तेव्हा वेरूळचं कैलास लेणं कोरलं गेलं नव्हतं, डोंगर अखंड उभा होता. आपल्या भागात राष्ट्रकूटांची एक शाखा राज्य करत होती. तिच्यातल्या नंदराजाचा ताम्रपट अचलपूरच्या ईशान्येला मुलताईकडे सापडला, त्यावर शके ६३१, म्हणजे सन ७०९. त्या राजाची राजधानी कुठे गेली, वाडे कुठे गेले? आणि तिकडे त्याच सुमाराला पहिला पाहुणा ज्या झऱ्यात उतरला, त्या झऱ्यावर आजही पाहुणे उतरताहेत.

एवढं टिकलं कसं? एक कारण झराच. दुकान हलवता येतं, झरा हलत नाही. त्याच्यामुळे घरही हललं नाही. दुसरं कारण माणसांचं. घरात चालवणारा मुलगा नसेल तर जपानी व्यापारी घराणी जावयालाच दत्तक घेतात, त्याला आपलं आडनाव देतात आणि गादीवर बसवतात. रक्तापेक्षा चूल पेटती राहणं महत्त्वाचं.

पण थांबा. रियोकानात पैसे खोलीचे नसतात, डोक्यामागे असतात, एक रात्र आणि दोन जेवणं असा हिशेब. आणि तो हिशेब भारी असतो. मग गरीब वाटसरू कुठे जात होता?

त्याच्यासाठी तोकाइदोवर ‘किचिनयादो’ होती. या शब्दाची फोड अशी: कि म्हणजे लाकूड, चिन म्हणजे मोल, यादो म्हणजे मुक्कामाची जागा. सरपणाचं मोल देऊन राहायचं घर! तांदूळ तुम्ही आणायचे, शिजवायचे तुम्हीच, मालकाला द्यायचे ते जाळलेल्या लाकडाचे पैसे. वाचताना माझ्या तोंडून निघालं, ही तर आपली धर्मशाळा! शिधा आपला, चूल त्यांची. आमच्या बहिरमच्या यात्रेत थंडीच्या दिवसांत लोक राहुट्या ठोकून राहतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजतात, तीही याच जातीची व्यवस्था. निवारा आणि विस्तव तेवढा मिळू दे, बाकी आमचं आम्ही बघतो.

आणखी एक पायरी खाली उतरा. ज्याच्याकडे सरपणाचेही पैसे नाहीत, त्याचं काय? शिकोकू बेटावर ८८ देवळांची परिक्रमा आहे, सुमारे बाराशे किलोमीटर, पांढरे कपडे आणि हातात काठी. आपल्या वारकऱ्याला तो मेळा ओळखीचा वाटेल. त्या वाटेवर गावकरी यात्रेकरूला फुकट निजायला जागा देतात. त्या जागेचं नाव ‘झेनकोनयादो’. झेनकोन म्हणजे चांगलं मूळ, ज्यातून पुढे पुण्य उगवतं ते मूळ. आणि हा शब्द आला कुठून? बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे. मूळ संस्कृत शब्द आहे ‘कुशलमूल’! म्हणजे जपानच्या एका बेटावर एखादा शेतकरी अनोळख्याला पडवीत सतरंजी घालून देतो, तेव्हा त्या पडवीचं नाव भारतातून निघालेलं असतं. शब्दानेच केवढा प्रवास केला, आणि किती मुक्काम!

आता धर्मशाळेचं यंत्र उघडून बघू, कारण ते रियोकानपेक्षाही अजब आहे. रियोकानात पाहुणा पैसे देतो आणि त्याच्या बदल्यात त्याचं कोडकौतुक होतं. मोठं सुंदर, पण व्यवहार सरळ आहे. धर्मशाळेत? दाराशी एक वही. नाव, गाव, माणसं किती, एवढं लिहायचं. भांडी हवीत तर थोडी अनामत ठेवायची. बहुतेक ठिकाणी तीन रात्री, मग जागा पुढच्याला. या रात्रीचे पैसे कुणी दिले? भिंतीतली संगमरवरी पाटी वाचा. अमक्या गावच्या अमक्याने वडिलांच्या स्मरणार्थ एक खोली. तो माणूस कदाचित साठ वर्षांपूर्वी वारला. त्याने तुम्हाला पाहिलं नाही, तुम्ही त्याला पाहिलं नाही. पैसे देणारा आणि निजणारा यांची गाठ कधीच पडत नाही, आणि तरी दर रात्री दिवा लागतो. जगात असा दुसरा कुठला हिशेब आहे, ज्यात देणं आधी चुकतं होतं आणि घेणारा नंतर जन्माला येतो?

हा हिशेब आपल्या वऱ्हाडातल्या एका माणसाने जितका वापरला तितका क्वचितच कुणी वापरला असेल. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, अंजनगाव सुर्जी तालुका. परीट घराण्यातला. हातात झाडू, डोक्यावर मातीचं गाडगं, अंगावर चिंध्यांची गोधडी. १९०५ मध्ये घर सोडलं आणि पुढे पन्नास वर्षं रस्ता. गाडगेबाबा. पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट, मूर्तिजापूरला धर्मशाळा, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी... गावागणिक कीर्तन करायचं, ऐकणाऱ्यांच्या मनाला हात घालायचा, आलेला पैसा बांधकामाला द्यायचा आणि आपण पुढच्या गावाला चालू लागायचं.

बाबांना दोन गोष्टी दिसल्या, ज्या पुष्कळ दानशूरांना दिसल्या नव्हत्या. पहिली म्हणजे दार. पंढरपुरात धर्मशाळा होत्या, पण महार वारकऱ्याला त्यांचा उंबरा ओलांडता येत नव्हता. विठ्ठलासाठी शंभर कोस चालून आलेला माणूस वाळवंटात पावसात भिजत निजायचा. बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. दाराचा प्रश्न जपानलाही सुटला होता असं नाही. तिथे १९४८ पासून कायदा आहे, मुक्कामघराने सबळ कारणाशिवाय कुणाला नाही म्हणू नये. तरी २००३ मध्ये कुमामोतो प्रांतातल्या एका ओनसेन हॉटेलने कुष्ठरोगातून कधीच बऱ्या झालेल्या म्हाताऱ्या माणसांना जागा नाकारली. देशभर संताप उसळला, सरकारने कारवाई केली, पुढच्या वर्षी ते हॉटेलच बंद झालं. पायधुणी, गादी, चहा सगळं शिकता येतं. दार उघडं ठेवणं फार अवघड.

दुसरी गोष्ट तर मला त्यांच्या बुद्धीची कमाल वाटते. विसाव्या शतकात माणसं नव्या तीर्थाला निघाली होती आणि त्या तीर्थाचं नाव होतं इस्पितळ. खेड्यातला रोगी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात खाटेवर पडला. त्याच्याबरोबर आलेली बायको, भाऊ, म्हातारी आई कुठे निजणार? फुटपाथवर. बाबांनी जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधून घेतली. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचाराला आलेले कॅन्सरचे रोगी आणि त्यांची माणसं राहतात. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं तिथे राहून आली आहेत. माझ्या शेजारच्या काकू सव्वा महिना होत्या. त्यांना विचारलं, तिथलं काय आठवतं? त्या म्हणाल्या, ‘फरशी. रोज दोनदा पुसत. अनवाणी चाललं तरी पायाला कण लागत नव्हता बाप्पा.’

गावोगाव झाडू मारत फिरलेल्या माणसाच्या नावाचं घर. तिथली आठवण फरशीची निघावी, यात नवल ते काय.

एवढ्या लोकांना छप्पर दिलं, पण बाबांनी स्वतःसाठी एक खोलीही बांधली नाही. अचलपूरहून परतवाड्याच्या रस्त्याने एसटीत बसलात की अमरावतीच्या अलीकडे वलगाव लागतं आणि पेढी नदीचा पूल येतो. २० डिसेंबर १९५६ ला त्यांना अमरावतीकडे नेत होते. त्या पुलाशी, चालत्या गाडीतच, त्यांचा श्वास थांबला.